भूमिगत कोळसा खाणी आणि खचणारी जमीन : पूर्वानुमान व नियंत्रण

विदर्भाच्या औद्योगिक जीवनात दगडी कोळशाचे स्थान मोठे आहे. नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत गोंडवन काळातील खडकांच्या थरांत कोळशाचे साठे आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यात बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी हा पट्टा आणि नागपूरजवळ कामठीचा पट्टा यांतून निघणाऱ्या कोळशावर वीज केंद्रे चालतात. या व्यवसायाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. वरोरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाण सुरू झाली आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बल्लारपूरच्या परिसरात खाणकाम सुरू झाले. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर १९७५ मध्ये कोल इंडिया ही कंपनी अस्तित्वात आली. तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स हिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. आज बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून काढला जातो. तथापि, भूमिगत खाणीही चालू आहेत आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागील शतकात ज्या भूमिगत खाणी चालल्या व बंद झाल्या, त्यांच्या पोकळ्या आजही जमिनीच्या पोटात आहेत.

या पोकळ्यांचे स्मरण २६ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वांना झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील आमराई वॉर्डातील एक राहते घर त्या दिवशी पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे प्राणहानी टळली. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीचे काम झालेले होते. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र जावे लागले. ज्या जागेवर पिढ्यानपिढ्या संसार झाले, ती जागा निर्धोक आहे की नाही, हा प्रश्न त्या कुटुंबांपुढे एका दिवसात उभा राहिला.

अशा घटना टाळता येतील काय? त्यांचे भाकीत आधी करता येते काय? आणि ग्रामपंचायत, शाळा, महसूल कार्यालय यांना या बाबतीत काय करता येण्याजोगे आहे? या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी जमीन का व कशी खचते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

खाण आतून कशी असते?

भारतातील बहुतेक भूमिगत कोळसा खाणी खांब व गाळे पद्धतीच्या आहेत. कोळशाच्या थरात एकमेकांना काटकोनात छेदणारे बोगदे, म्हणजे गाळे, खणले जातात. दोन गाळ्यांच्या मध्ये कोळशाचे चौकोनी खांब तसेच ठेवले जातात. वरच्या खडकाचा सारा भार हे खांब पेलतात. मोठ्या वाड्यातील दगडी खांबांवर जसा माळवदाचा भार असतो, तसाच हा प्रकार होय.

खांब किती मोठे असावेत, हे खाणीच्या खोलीवर अवलंबून असते. खोली जितकी जास्त तितका वरच्या खडकाचा भार जास्त, म्हणून खांबही मोठा लागतो. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत यासाठी एक कोष्टकच देण्यात आले होते. गाळ्याची रुंदी ४.८ मीटर असेल, तर ६० मीटरपर्यंतच्या खोलीवर दोन खांबांच्या मध्यबिंदूंतील अंतर किमान १९.५ मीटर ठेवावे लागे. हेच अंतर ३६० मीटरपेक्षा अधिक खोलीवर ४८ मीटर ठेवावे लागे. या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने कळतो. पहिल्या प्रकारात थरातील सुमारे ४३ टक्के कोळसा गाळ्यांतून निघतो व ५७ टक्के खांबांत राहतो. दुसऱ्या प्रकारात जेमतेम १९ टक्के कोळसा निघतो आणि ८१ टक्के खांबांत अडकून पडतो.

एवढा कोळसा कायमचा सोडून देणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात हे खांबही क्रमाक्रमाने काढले जातात. खाण कामगारांच्या भाषेत या कामाला डिपिलरिंग म्हणतात. खांब काढल्यावर जी पोकळ जागा मागे राहते तिला ते गोफ म्हणतात. आधार गेला की गोफचे छत कोसळते. ते कोसळू देणे हाच या पद्धतीचा भाग असतो. छत कोसळल्यावर त्याच्या वरचे थर वाकतात, चिरतात आणि खाली बसतात. ही हालचाल थराथराने वर येत अखेर पृष्ठभागापर्यंत पोहोचते. यालाच अवतलन किंवा साध्या भाषेत जमीन खचणे असे म्हणतात. वृत्तपत्रांत अनेकदा याला भूस्खलन म्हटले जाते, परंतु ते बरोबर नाही. भूस्खलनात उतारावरील माती वा दरड घसरून खाली येते. अवतलनात जमीन जागच्या जागी खाली बसते.

लाँगवॉल ही दुसरी पद्धत युरोपात अधिक प्रचलित होती. तिच्यात कोळशाची एक लांबच लांब भिंत यंत्राने तासत नेली जाते आणि मागचे छत लगोलग कोसळू दिले जाते. या पद्धतीत जमीन खचते हे निश्चित असते, परंतु ती कधी व किती खचेल याचा अंदाज बांधणे तुलनेने सोपे जाते.

खचण्याचे दोन प्रकार

जमीन दोन प्रकारे खचते आणि या दोहोंतील भेद ध्यानात घेतला पाहिजे.

पहिला प्रकार परातीसारखा. खोल खाणीतील मोठ्या क्षेत्रातून कोळसा काढला की पृष्ठभागावर पसरट, उथळ खळगा तयार होतो. तो हळूहळू, खाणीतील काम पुढे सरकेल तसतसा विस्तारतो. खळग्याच्या मध्यभागी जमीन सरळ खाली जाते. कडेला मात्र ती तिरपी होते आणि ताणली जाते. घरांच्या भिंतींना तडे जातात ते मुख्यतः या ताणामुळे. संपूर्ण घर सारखेच खाली गेले तर त्याचे फारसे बिघडत नाही. त्याचे एक टोक जागेवर राहून दुसरे खाली गेले किंवा पाया दोन्हीकडे ओढला गेला, तर मात्र भिंत फाटते.

दुसरा प्रकार विहिरीसारखा. खाण उथळ असेल, तर छताचा लहानसा भाग कोसळून पोकळी सरळ वर चढत येते आणि एखाद्या दिवशी पृष्ठभागावर अचानक भगदाड पडते. घुग्घुस येथे जे घडले ते या स्वरूपाचे होते.

पोकळी वर चढते, पण ती नेहमीच पृष्ठभागापर्यंत का येत नाही? याचे उत्तर शाळेतील मुलांनाही समजेल असे आहे. खडक फुटला की त्याचे तुकडे मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतात. समजा, ही वाढ ३० टक्के आहे आणि गाळ्याची उंची ३ मीटर आहे. तर छताचा १० मीटर खडक कोसळला की त्याचे तुकडे १३ मीटर जागा व्यापतील, म्हणजे कोसळलेला १० मीटरचा भाग आणि खालचा ३ मीटरचा गाळा दोन्ही भरून निघतील. पोकळी तेथेच बुजेल. म्हणून खोल खाणींवर सहसा भगदाड पडत नाही. परंतु गाळ्यात वाहते पाणी असेल, तर ते हा ढिगारा धुऊन शेजारच्या गाळ्यांत पसरवते आणि पोकळी पुन्हा वर चढू लागते. उथळ जुन्या खाणींवर पावसाळ्यात धोका वाढतो, त्यामागील एक कारण हे आहे.

जुन्या खाणींत धोका आणखी एका कारणाने टिकून राहतो. डिपिलरिंग केलेल्या जागेवर बहुतेक खचण्याची क्रिया काही महिन्यांत उरकते व नंतर थोडीफार हालचाल होऊन जमीन स्थिरावते. पण जेथे खांब तसेच उभे सोडले आहेत, तेथे ही क्रिया उरकलेलीच नसते. पाण्याने, हवेने व काळाने खांब झिजत जातात. कोणी चोरून खांब पोखरले तर झीज अधिकच वाढते. अशा जागी पन्नास वर्षांची शांतता हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ठरत नाही.

भाकिताचे शास्त्र

खाणकामाने जमीन किती खचेल याचे गणित मांडण्याचे प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकापासून होत आले. ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने शेकडो ठिकाणच्या मोजणीवरून आलेख तयार केले आणि ते १९६६ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. १९७५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. जगभरच्या खाण अभियंत्यांनी या आलेखांचा उपयोग केला.

या गणितात चार गोष्टी मुख्य आहेत : काढलेल्या थराची जाडी, खाणीची खोली, काम केलेल्या क्षेत्राची रुंदी आणि वरच्या खडकाचे स्वरूप.

रुंदी आणि खोली यांचे प्रमाण लहान असेल, तर वरचे मजबूत खडक पुलासारखे तोलून राहतात व पृष्ठभाग जवळजवळ हलत नाही. रुंदी वाढत खोलीच्या सुमारे १.४ पट झाली, की ब्रिटनमधील अनुभवानुसार, जमीन जास्तीत जास्त जितकी खचू शकते तितकी खचते. ही कमाल मर्यादा ब्रिटनमध्ये काढलेल्या थराच्या जाडीच्या सुमारे ९० टक्के असल्याचे आढळले. भारतातील कोळसा थरांवर वालुकाश्माचे कठीण व जाड थर असतात. त्यामुळे येथे खचण्याचे प्रमाण सामान्यतः कमी असते आणि खळग्याचा विस्तारही कमी असतो. यास्तव परदेशातील आलेख भारतात जसेच्या तसे वापरता येत नाहीत. धनबाद येथे १९५६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय खाण संशोधन केंद्र, जे २००७ पासून केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, आणि रांची येथील केंद्रीय खाण नियोजन व संरचना संस्था यांनी भारतीय खाणींवरील मोजणीच्या आधारे येथील परिस्थितीला अनुरूप पद्धती तयार करण्याचे काम केले आहे.

एक उदाहरण घेऊ. ३ मीटर जाडीचा थर १०० मीटर खोलीवर आहे. १४० मीटर रुंदीच्या क्षेत्रातील सर्व कोळसा काढून छत कोसळू दिले. खचण्याचे प्रमाण जाडीच्या ६० टक्के धरले, तर जमीन १.८ मीटर खाली जाईल. हा परिणाम केवळ त्या १४० मीटरपुरता राहणार नाही. खाणीच्या कडेपासून एक तिरपी रेषा पृष्ठभागापर्यंत बाहेरच्या बाजूला जाते आणि तिच्या आतील जमिनीवर परिणाम होतो. हा कोन ब्रिटनमध्ये उभ्या रेषेपासून ३५ अंश मानला जाई. त्या हिशेबाने परिणाम कडेपासून ७० मीटर दूरपर्यंत पोहोचेल. कोन २० अंश धरला तर हेच अंतर सुमारे ३६ मीटर होईल. म्हणजे ज्याच्या शेताखाली खाण नाही, अशा शेतकऱ्याच्या बांधावरही भेग पडू शकते.

आता ताणाचा हिशेब पाहू. ब्रिटिश आलेखांनुसार कमाल ताण काढण्यासाठी खचलेल्या उंचीला खोलीने भागून सुमारे ०.६५ ने गुणावे लागते. वरील उदाहरणात हा ताण दर मीटरला ११.७ मिलिमीटर येतो. इमारतींच्या बाबतीत दर मीटरला ३ मिलिमीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते. याचा अर्थ ताण मर्यादेच्या जवळजवळ चौपट आहे. १० मीटर लांबीच्या भिंतीखालील जमीन ११ सेंटिमीटरहून अधिक ताणली जाईल आणि साधी विटांची भिंत हे सोसू शकणार नाही. तोच थर ३०० मीटर खोलीवर असेल व रुंदीही त्याच प्रमाणात वाढविली, तर जमीन तितकीच, म्हणजे १.८ मीटर, खचेल. पण ताण दर मीटरला ३.९ मिलिमीटर इतकाच राहील. खोली वाढली की तोच परिणाम विस्तृत क्षेत्रावर पसरतो व त्याची तीव्रता कमी होते. यावरून उथळ खाणी अधिक घातक का ठरतात, हे स्पष्ट होईल.

संगणक आल्यापासून प्रत्येक थराचे गुणधर्म भरून प्रतिकृतीच्या साहाय्याने भाकीत करता येते. मात्र कोणतीही प्रतिकृती प्रत्यक्ष मोजणीशी पडताळून पाहावीच लागते. त्यासाठी खाणीवरील जमिनीत ठराविक अंतरावर खुंट्या रोवून त्यांची उंची व परस्परांतील अंतर नियमितपणे मोजले जाते. आता कृत्रिम उपग्रहांवरील रडारनेही जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपता येते. झरिया कोळसा क्षेत्रात या तंत्राचा अभ्यासासाठी उपयोग झाला आहे. भारत व अमेरिका यांनी संयुक्तपणे तयार केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. जमिनीच्या हालचालींचा मागोवा हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. तथापि, हळूहळू बसणारी जमीन उपग्रहाला दिसते. अचानक पडणाऱ्या भगदाडाची सूचना तो देईलच, असे मानता येत नाही.

खांबांचे गणित आणि एक दुर्घटना

खांब किती भार पेलू शकेल, याचे आधुनिक शास्त्र एका मोठ्या दुर्घटनेतून पुढे आले. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथील खाणीत विस्तीर्ण क्षेत्रातील खांब एकापाठोपाठ एक चिरडले गेले आणि चारशेहून अधिक कामगार आत गाडले गेले. तेथे गाळ्यांच्या छताकडील कोळसाही काढला गेला होता, त्यामुळे खांबांची उंची वाढून त्यांचे बळ घटले होते. एक खांब ढासळला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर येतो. तेही कमकुवत असतील तर पडझडीची साखळीच सुरू होते.

या घटनेनंतर सॅलॅमन व मन्रो या संशोधकांनी १२५ ठिकाणच्या खांबांचा अभ्यास केला. त्यांपैकी ९८ ठिकाणी खांब टिकले होते व २७ ठिकाणी ते ढासळले होते. या अभ्यासावरून त्यांनी १९६७ मध्ये खांबाच्या बळाचे सूत्र प्रसिद्ध केले. रुंद व बुटका खांब बळकट, तर अरुंद व उंच खांब दुबळा, हे त्या सूत्राचे सार होय. येणाऱ्या भाराच्या १.६ पट बळ खांबात असावे, असा दंडक तेथे रूढ झाला. जुन्या खाणीवर वसलेल्या गावाच्या सुरक्षिततेचा विचार करतानाही हाच प्रश्न विचारावा लागतो : खाली खांब आहेत काय, ते किती रुंद व किती उंच आहेत आणि त्यांच्यावर भार किती आहे?

नियंत्रणाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे कोळसा सोडून देणे. रेल्वेमार्ग, नदी, गाव, खाणीचे प्रवेशकूप यांच्या खाली पुरेसा कोळसा कायमचा राखून ठेवला जातो. रेल्वे, सार्वजनिक रस्ता अथवा इतरांच्या इमारतींपासून ४५ मीटरच्या आत खाणकाम करण्यास खाण सुरक्षा खात्याची परवानगी आवश्यक असते. १९५७ च्या विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली असली, तरी हे तत्त्व कायम आहे.

दुसरा उपाय अंशतः कोळसा काढण्याचा. काम केलेल्या पट्ट्यांची रुंदी मर्यादित ठेवून त्यांच्या मध्ये भक्कम पट्टे सोडले, तर वरचा खडक तोलून राहतो.

तिसरा व सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे पोकळी भरणे. याला खाणीच्या भाषेत स्टोइंग म्हणतात. नदीची वाळू पाण्यात मिसळून नळांतून खाली सोडली जाते. पाणी निथळून पंपाने वर आणले जाते आणि वाळू घट्ट बसते. भारतात या उपायाला कायद्याचे पाठबळ १९३९ पासून आहे. त्या वर्षीच्या कायद्याने स्टोइंगसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. चांगल्या स्टोइंगनंतर जमीन थराच्या जाडीच्या सुमारे ५ टक्केच खचते. आपल्या उदाहरणात १.८ मीटरऐवजी १५ सेंटिमीटर आणि ताण दर मीटरला ११.७ ऐवजी सुमारे १ मिलिमीटर. भिंत फाटणे आणि भिंत टिकणे यांतील हा फरक आहे.

परंतु वाळूही आता मुबलक राहिलेली नाही. नद्यांच्या पात्रांतील वाळूवर बांधकाम व्यवसायाचा मोठा भार आहे आणि अतिउपशामुळे विहिरींची पाणीपातळी खालावते. यास्तव खुल्या खाणींतून निघालेला मुरूम व दगड दळून, तसेच औष्णिक वीज केंद्रांची राख वापरून पोकळ्या भरण्याकडे लक्ष वळले आहे. कोळसा, वीज केंद्रे आणि राखेचे ढीग चंद्रपूर परिसरात एकाच ठिकाणी असल्याने हा विषय तेथे विशेष महत्त्वाचा आहे. बंद खाणींच्या बाबतीत पृष्ठभागावरून छिद्रे पाडून पोकळीत भराव सोडता येतो. हे काम खर्चाचे आहे. खाली नेमके काय आहे याचा नकाशा हाती असल्याशिवाय ते यशस्वी होत नाही.

चौथा उपाय बांधकामाचा आहे. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यात खचणाऱ्या जमिनीवर शाळा बांधण्याचा प्रश्न होता. १९५७ मध्ये काही स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन क्लास्प नावाची बांधकाम पद्धती अंगीकारली. हलक्या पोलादी सांगाड्याची, सांधे हलू शकतील अशी व जमिनीवर सपाट तक्तपोशीसारखी टेकलेली शाळा जमिनीबरोबर थोडी वाकते, पण फुटत नाही. या पद्धतीच्या शाळेला १९६० मध्ये मिलान येथील प्रदर्शनात गौरव लाभला. आपल्याकडील खाण परिसरातील सार्वजनिक इमारतींच्या बाबतीतही लांबलचक इमारतीऐवजी लहान सुटे भाग, भागांमध्ये सांधे आणि खोल पायाऐवजी सलग काँक्रीटचा तळ या साध्या गोष्टींचा विचार करता येईल.

विलंबाची किंमत

उपाययोजना लांबली तर काय होते, हे झारखंडमधील झरियावरून दिसते. तेथे १९१६ पासून भूमिगत आगींची नोंद आहे. जमीन खचली की भेगा पडतात, भेगांतून हवा आत जाते, हवेने कोळसा पेटतो, पेटलेल्या कोळशाची राख होऊन जमीन पुन्हा खचते. हे चक्र तेथे शतकभर फिरत राहिले. ऑगस्ट २००९ मध्ये ७,११२.११ कोटी रुपयांचा बृहत् आराखडा मंजूर झाला. कुटुंबांना हलविण्याचे काम तरीही अपुरे राहिले आणि जून २०२५ मध्ये ५,९४०.४७ कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला मंजुरी द्यावी लागली. सुधारित आराखड्यात घरांबरोबर उपजीविकेवर भर देण्यात आला आहे. नवे घर दिले, पण रोजगार जुन्याच जागी राहिला, तर कुटुंब पुन्हा धोक्याच्या जागेकडे वळते, हा यातून मिळालेला धडा आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

खाणीचे तंत्र अभियंत्यांचे असले, तरी खाणीवर राहणारी माणसे पंचायतीची आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचा मालक, पीक व आकार यांची नोंद असते. तिच्या पोटातील गाळ्यांची नसते. घर बांधणारा ती जमीन भरवशाने विकत घेतो आणि पंचायत वा नगर परिषद त्याच भरवशाने परवानगी देते. ही उणीव दूर करणे हे पहिले काम होय. बंद केलेल्या खाणीचे नकाशे खाण सुरक्षा खात्याकडे सादर करणे कायद्याने बंधनकारक आहे. खाण कंपनीकडेही ते असतात. जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत हे नकाशे मागवून गावठाणाच्या व गट क्रमांकांच्या नकाशावर उतरवून घेतले, तर कोणत्या घराखाली गाळे आहेत व किती खोलीवर आहेत, हे पंचायतीला कळू शकेल. फार जुन्या खाणींचे नकाशे अपुरे किंवा अस्पष्ट असतात. अशा ठिकाणी जुन्या कामगारांची माहिती लिहून घेणे आणि संशय असेल तेथे छिद्रे पाडून तपासणी करण्याचा आग्रह धरणे उचित ठरेल.

दुसरे काम निरीक्षणाचे. विदर्भातील काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्यामुळे खचण्याच्या भेगा दुर्लक्षित होण्याचा संभव असतो. काळ्या मातीच्या भेगा जाळीसारख्या, साऱ्या शेतभर पसरलेल्या असतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर मिटतात. खचण्याची भेग लांब व सलग असते. ती बांध, रस्ता, ओटा, फरशी यांना न जुमानता पलीकडे जाते, तिची एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेलेली दिसू शकते आणि पावसात ती मिटण्याऐवजी पाणी गिळते. विहिरीचे पाणी अकस्मात उतरणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, भिंतीतील तडा कोपऱ्यातून तिरपा वाढत जाणे, अंगणात वाटोळा खळगा पडणे आणि भेगेतून वाफ वा जळका वास येणे याही खुणा आहेत. तड्यावर सिमेंटची किंवा काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली, तर पट्टी फुटताच हालचाल चालू असल्याचे कळते. शाळेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या मदतीने शाळेच्या इमारतीपुरती अशी नोंदवही सहज ठेवता येईल. मात्र भेगेच्या किंवा खळग्याच्या जवळ मुलांना कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये.

तिसरे काम पाण्याचे. पावसाळ्यापूर्वी भेगा मातीने बुजवून दाबून घेणे, ओढे-नाले व सांडपाणी जुन्या खाणीच्या क्षेत्रावरून न जाता बाजूने जाईल असे पाहणे आणि अशा जागी नवे शेततळे वा शोषखड्डे न खणणे, या गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत. त्यांमुळे खालचा ढिगारा वाहून जाणे थांबते, खाणीत पाणी शिरण्याचा धोका घटतो आणि भेगांतून हवा आत जाणेही बंद होते.

चौथे काम हक्कांचे. चालू खाणीच्या बाबतीत डिपिलरिंगची परवानगी देताना खाण सुरक्षा खाते अटी घालते. आपल्या शिवाराखाली कोणते काम होणार आहे, कोळसा सोडणार, छत पाडणार की स्टोइंग करणार आणि खचण्याचे भाकीत किती आहे, याची विचारणा ग्रामसभेने लेखी करावी. काम सुरू होण्यापूर्वी घरे, विहिरी व बांध यांची छायाचित्रांसह नोंद करून ठेवली, तर पुढे भरपाईच्या वेळी वाद कमी होतात. ब्रिटनमध्ये १९५७ व १९९१ च्या कायद्यांनी खाणीमुळे नुकसान झालेल्या घरमालकांना दुरुस्तीचा वा भरपाईचा हक्क दिला. असा हक्क बजावताना काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती दाखविणारी नोंद मोलाची ठरते.

कोळशाची गरज अजून काही काळ राहणार आहे आणि खाणी बंद झाल्या तरी त्यांनी केलेली पोकळी जमिनीखाली राहणारच आहे. जमीन किती खचेल, कोठे खचेल आणि ती खचू नये म्हणून काय करावे, याचे शास्त्र उपलब्ध आहे. ते कार्यालयातील कपाटात न राहता ज्यांच्या घराखाली गाळे आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. खाणीचा नकाशा, गावाचा नकाशा आणि गावकऱ्यांची नोंदवही ही तीन कागदपत्रे एका टेबलावर आली, तर पुढच्या पावसाळ्यात एखादे कुटुंब अंथरुणातून धावत बाहेर पडण्याऐवजी आधीच सुरक्षित जागी गेलेले असेल.